ताटाबाहेरचं जेवण: कराडच्या एका ताईंच्या वजनाची दोन वर्षं

जानेवारी २०२३. संक्रांत होऊन चारच दिवस झाले होते. ताई दवाखान्यात आल्या तेव्हा एका हातात तिळगुळाची डबी होती आणि दुसऱ्या हातातल्या पिशवीत जुन्या डाएट चार्टची लॅमिनेट केलेली तीन पानं. डबी माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "मॅडम, हे घ्या, आणि ही पानंबी बघा. ह्यातलं समदं करून झालंय. आता नवीन काय असंल तर सांगा."

मी कराडमध्ये एका डॉक्टरांच्या दवाखान्यात आठवड्यातून दोन दुपारी आहाराचा सल्ला देते. ताईंना त्या डॉक्टरांनीच पाठवलं होतं. गुडघे दुखतात आणि साखर काठावर आली आहे, एवढंच चिठ्ठीवर होतं. त्यांच्या परवानगीनं हे लिहिते आहे, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

ताईंचं वय तेव्हा ४६. मालक साखर कारखान्यात शिफ्टला, सासूबाई ७४ वर्षांच्या, मुलगा इंजिनिअरिंगला, मुलगी दहावीत. घराच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन. ब्लाऊज, फॉल-पिको, लग्नसराईत रात्री एकपर्यंत काम. म्हणजे दिवसाचे आठ-नऊ तास बसून.

उंची १५४ सेंमी, वजन ७६.२ किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, ३२.१ येतो. आपल्याकडे २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. कंबर ९८ सेंमी. भारतीय बाईसाठी ८० ही धोक्याची रेषा. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी, ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर (५.७ ते ६.४ हा तो उंबरठा). हिमोग्लोबिन १०.२, म्हणजे कमीच. थायरॉईड अगदी व्यवस्थित, आणि हे ऐकून ताईंचा चेहरा थोडा पडला. मला त्याचं नवल वाटलं नाही. थायरॉईड निघालं असतं तर वजनाचा दोष एका गोळीवर ढकलता आला असता. अशा किती तरी बायका रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून हिरमुसून जाताना मी पाहिल्या आहेत.

तीन पानांचा इतिहास असा. लग्नात वजन ५२, दुसऱ्या बाळंतपणानंतर ६१. २०१६ मध्ये ओळखीच्या बाईच्या सांगण्यावरून जेवणाऐवजी डब्यातली पावडर दुधात घालून प्यायल्या; चार महिन्यांत नऊ किलो उतरले, पुढच्या सात महिन्यांत बारा किलो चढले. २०१९ मध्ये दिवसातून दोनच वेळा जेवायचं ठरवलं. सहा किलो गेले. पण घरात चार माणसं चार वेळांना जेवणारी आणि सगळ्यांना वाढणाऱ्या या एकट्या. पाच महिन्यांत ते घड्याळ मोडलं. लॉकडाऊनमध्ये मोबाईलवर बघून आठवडाभर कोबीचं सूप. त्याचं तर नावही काढू नका म्हणाल्या.

"माझ्यातच निश्चय नाही," हे वाक्य त्या पहिल्या भेटीत तीनदा म्हणाल्या.

त्यावर मी त्यांना अमेरिकेतल्या एका टीव्ही स्पर्धेची गोष्ट सांगितली. तीस आठवड्यांत प्रचंड वजन उतरवणाऱ्या चौदा स्पर्धकांना संशोधकांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं आणि २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलेलं होतं. त्याहून महत्त्वाचं हे की, स्वस्थ बसलेलं असताना त्यांचं शरीर जितक्या कॅलरी जाळायला हवं, त्यापेक्षा दिवसाला सरासरी ५०० कॅलरी कमी जाळत होतं. सहा वर्षांनंतरही. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये भुकेच्या संप्रेरकांबद्दल असंच दाखवलं होतं: दहा आठवडे अगदी कमी खाऊन वजन उतरवलेल्या लोकांची संप्रेरकं वर्षभरानंतरही 'खा, खा' असाच निरोप देत होती. म्हणजे उपाशी राहून उतरवलेलं वजन परत येतं ते निश्चय कच्चा असतो म्हणून नव्हे. शरीराला दुष्काळ पडल्यासारखं वाटतं आणि ते जपून खर्च करायला लागतं. ताई म्हणाल्या, "म्हंजे कारखान्यानं पगार थकवला की आमच्या घरात होतं, तसंच की." याहून बरा दाखला मला अजून सुचलेला नाही.

एवढं सगळं शहाणपण सांगून झाल्यावर मी काय केलं? चौथा चार्ट दिला.

सकाळी ओट्स, अकराला फळ, दुपारी दोन फुलके-भाजी-वरण-सॅलड, संध्याकाळी भाजलेले मखाणे, रात्री मुगाचं धिरडं. कागदावर अगदी देखणा. नऊ दिवस टिकला. दहाव्या दिवशी मुलाचा वाढदिवस होता. ओट्सचं उरलेलं पाकीट पुढे शेजारणीच्या नातवाला गेलं, असं मला नंतर कळलं. चूक माझी होती. ज्या घरात एकाच गॅसवर पाच जणांचा स्वयंपाक होतो, तिथे एका बाईसाठी वेगळं धिरडं करायला मी सांगत होते, आणि ते करणार कोण, तर तीच बाई.

मग मी चार्ट बाजूला ठेवून सात दिवसांची नोंदवही भरायला सांगितली. वहीत काय आलं? सकाळी चहा-खारी. दुपारी अडीचला दोन चपात्या, भाजी, थोडा भात-आमटी. रात्री दोन चपात्या, भाजी. हिशेब केला तर चौदाशे कॅलरीसुद्धा होईनात. एवढ्यावर ७६ किलोचं वजन टिकूच शकत नाही. पण ताई खोटं लिहीत नव्हत्या, हेही मला दिसत होतं. जे ताटात वाढून घेतलं ते त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं.

उलगडा दवाखान्यात झालाच नाही. फेब्रुवारीत मी माझाच एक ब्लाऊज त्यांच्याकडे टाकला होता. फिटिंगला जायला उशीर झाला, रात्रीचे साडेनऊ वाजले होते. घरातले सगळे जेवून टीव्हीसमोर बसलेले. ताई ओट्याशी उभ्या. माझ्याशी बोलता बोलता पातेल्याच्या कडेचा भात कालथ्यानं खरवडून तोंडात टाकला. डब्यात तीन चपात्या उरल्या होत्या. एकीवर साखर-तूप घालून गुंडाळी केली, बोलत बोलत ती संपली. मुलीच्या डब्यातली परत आलेली अर्धी चपाती-भाजी संपली. मग त्या म्हणाल्या, "बसा, मी अजून जेवायचीय."

मी विचारलं, "ताई, हे आत्ता खाल्लं ते?"

"हे व्हय? हे काय जेवण हाय? हे उरलेलं."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "खाऊन माजावं, टाकून माजू नये, मॅडम."

तो ब्लाऊज अजून माझ्याकडे आहे. त्या एका रात्रीत मला जे कळलं ते दीड महिन्यात कळलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही वहीत एक नवा रकाना पाडला. त्याला नाव दिलं 'ताटाबाहेरचं'. नियम एवढाच: उभ्यानं खाल्लेलं, चाखलेलं, उरलेलं, कुणासोबत घेतलेलं, सगळं इथे. कमी करायचं नाही, फक्त लिहायचं. आठवड्यानं तो रकाना ताटाच्या रकान्यापेक्षा लांब निघाला.

त्यात चहा होता. ब्लाऊज टाकायला, न्यायला, माप द्यायला बायका येतात. आलेल्या बाईला चहा आणि तिला सोबत म्हणून आपणही. दिवसाला पाच कप, कपाला दोन चमचे साखर. म्हणजे पन्नास ग्रॅम साखर, दोनशे कॅलरी, दूध वेगळंच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलेली उत्तम मर्यादा दिवसाला साधारण पंचवीस ग्रॅम आहे, आणि तीही सगळ्या गोडाची मिळून.

रात्रीच्या दोन-तीन उरलेल्या चपात्या होत्या. साखर-तूप धरून तीन-चारशे कॅलरी सहज, आणि तेही स्वतःचं जेवण होण्याआधी. भाजी चाखताना दाण्याचं कूट, लाडू वळताना एक लाडू, मालकांच्या ताटात राहिलेला भात.

आणि उपवास होते. सोमवार, संकष्टी, दोन एकादश्या. महिन्यात सात दिवस. उपवासाच्या दिवशी वहीत 'आज उपवास' असं लिहून ताई मोकळ्या होत. नव्या रकान्यात मात्र सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस, चारला दाण्याचा लाडू, रात्री उपवास सोडताना गोडासकट पूर्ण जेवण. म्हण आपलीच आहे: एकादशी अन् दुप्पट खाशी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. शंभर ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी आणि प्रथिनं नावालाच. त्यात कूट, तूप, बटाटा आला की एक भरली प्लेट सहाशेपर्यंत जाते. गंमत अशी की साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका, शिवाय बटाटा, शेंगदाणा आणि हिरवी मिरची हे चारही दक्षिण-मध्य अमेरिकेतून आलेले. आपल्या पूर्वजांनी पाळलेल्या एकादशीला यांतलं काहीच नव्हतं. हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "मग आमची आजी वरीच खायची, ते बराबर हाय."

एक गोष्ट या रकान्यात नव्हती, पण ताटाकडे नीट पाहिल्यावर दिसली. आमटी सगळ्यांना वाढून झाल्यावर ताईंच्या वाट्याला वरचं पाणी येई. रविवारी चिकन केलं तर पीस पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात, ताईंना रस्सा. दिवसभरात डाळ किंवा कडधान्य मोजून वीस ग्रॅम जेमतेम पोटात जात होतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दोन हजार कॅलरीच्या ताटाला डाळी-अंडी-मांस मिळून ८५ ग्रॅम सांगितले आहेत, आणि धान्यातून एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांहून जास्त नको असंही. ताईंचं पोट जवळजवळ सगळं धान्यावर आणि साखरेवर भरत होतं. सकाळी सातच्या खारीनंतर थेट दुपारी अडीचला जेवण. मग रात्री साडेनऊला ओट्याशी उभं राहून जी भूक लागते, तिला निश्चयाचा अभाव म्हणायचं कसं?

तर आता काय बदलायचं हा प्रश्न उरला नव्हता. कसं बदलायचं हा होता. आणि इथे मी या वेळी ताईंऐवजी घराकडून सुरुवात केली.

पहिली गोष्ट कणकेची. ताई परातीत हाताच्या अंदाजानं पीठ घेत. रात्रीच्या अठरा चपात्या होत. कोण किती खातं ते मोजलं: मालक चार, मुलगा चार, मुलगी दोन, सासूबाई दोन, ताई दोन. चौदा. एक गाईची. मग उरलेल्या तीन कुणासाठी? "कमी पडली तर? पावणं आलं तर?" पाहुणे महिन्यातून दोनदा येत होते, चपात्या महिन्यातून तीस दिवस उरत होत्या. घरातलीच एक स्टीलची वाटी घेतली, तिच्यात पाच चपात्यांचं पीठ बसतं. सपाट तीन वाट्या, पंधरा चपात्या. पाहुणे आले तर ब्रेड आहे, भात आहे, नाहीतर पाच मिनिटांत आणखी एक वाटी मळता येते.

वाटी डब्यातच ठेवायची, एवढं मी निक्षून सांगितलं. वाटी फडताळात गेली की अंदाज परत येतो.

दुसरी गोष्ट सासूबाईंची. म्हणीशी वाद घालून उपयोग नव्हता, आणि मला घालायचाही नव्हता. अन्न टाकू नये हे खरंच आहे. म्हणून उरलेल्याला एक वेळ दिली. रात्री जे उरेल ते झाकून लगेच फ्रीजमध्ये, आणि सकाळी नऊला त्याचाच नाश्ता: चपातीचा कुस्करा किंवा फोडणीचा भात, भरपूर कांदा-कोबी-मटार घालून, सोबत वाटीभर दही. टाकलं तर काहीच नाही, पण रात्रीचं पोट कचऱ्याची बादली होत नाही. सासूबाईंना हे पटलं, कारण कुस्करा त्यांना आवडतो आणि कित्येक वर्षांत घरात झाला नव्हता; कुस्करा व्हायला चपाती सकाळपर्यंत उरावी लागते ना.

या एका बदलानं दोन कामं झाली. रात्रीचं वरचं खाणं कमी झालं, आणि सकाळी सात ते अडीच हा उपासाचा डोंगर मधेच फुटला. मला स्वतःला विचाराल तर वजनाचा अर्धा भाग इथेच उतरला.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड गेली: ताईंनी सगळ्यांबरोबर जेवायचं. मालकांना चपाती तव्यावरून थेट ताटात लागायची. आठ दिवस त्यांनी डब्यातली चपाती तोंड वाकडं करून खाल्ली. मुलीनं तोडगा काढला: डब्यात सुती फडकं घालून चपात्या सगळ्यांनी बसायच्या आधी दहा मिनिटं करायच्या, आणि रविवारी फक्त वडिलांसाठी तव्यावरची. आणि आमटी-उसळीची पहिली वाटी भरायची ती ताईंची. हे मी सांगितलं तेव्हा ताईंचे डोळे भरून आले आणि लगेच त्यांनी विषय बदलून माझ्या साडीच्या फॉलबद्दल विचारलं. पुढच्या महिन्यात समजलं की पहिली वाटी सासूबाईच बाजूला काढून ठेवतात. त्यांच्या तरुणपणी त्यांनाही वरचं पाणीच मिळत होतं, असं त्यांनी ताईंना सांगितलं म्हणे.

चहा बंद केला नाही. बंद करायला सांगितलं असतं तर तिसऱ्या दिवशी ताई माझ्याकडे यायच्या बंद झाल्या असत्या. सकाळी एक, दुपारी चारला एक, एक चमचा साखर, आणि जेवणापासून तासभर लांब, कारण हिमोग्लोबिन १०.२ होतं आणि जेवणासोबतचा चहा लोह अंगी लागू देत नाही. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्याही दिल्या. गिऱ्हाइकांसाठी चहा तसाच चालू, पण सोबत घ्यायचा आग्रह झाला की म्हणायचं, "आत्ताच झाला बघा माझा." हे वाक्य आम्ही दवाखान्यात चार वेळा म्हणून पाहिलं. हसू नका. ऐन वेळी नकाराला शब्द सापडत नाहीत म्हणूनच कप हातात येतो.

उपवास एकही सोडायला लावला नाही. सोमवार-संकष्टीला साबुदाण्याऐवजी वरी आणि ताक, उकडलेलं रताळं, काकडी, मूठभर दाणे; साबुदाणा फक्त एकादशीला आणि लहान वाटीनं. भाकरीबद्दल मात्र एक गैरसमज काढावा लागला. ताईंना कुणीतरी सांगितलं होतं की भाकरीनं वजन उतरतं, म्हणून दुपारी दोन भाकऱ्या चालू होत्या. आपल्याकडची ज्वारीची भाकरी सत्तर ग्रॅम पिठाची असते; एक भाकरी म्हणजे दोन चपात्या. भाकरी चांगलीच, पण एक.

तेलाचं काम मुलानं केलं. महिन्याला सात लिटर येत होतं. पाच माणसांत माणशी दिवसाला चाळीस ग्रॅमच्या वर. त्यानं कॅनवर मार्करनं चार रेघा मारल्या, आठवड्याला एक रेघ. तीन महिन्यांत महिन्याचा खप चार लिटरवर आला. आरडाओरडा फक्त पहिल्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात झाला.

चालणं मी मुद्दाम उशिरा, एप्रिलपासून सुरू केलं. सगळं एकदम बदललं की सगळंच एकदम सुटतं. शेजारणीबरोबर सकाळी प्रीतिसंगमावर, कृष्णा-कोयनेच्या काठानं तीस-चाळीस मिनिटं. गुडघ्यांना ते मानवलं. वजन त्यानं फार उतरत नाही, पण उतरलेलं टिकवायला ते लागतंच.

आकडे: मार्चअखेर ७४.०, मेमध्ये ७२.१, जुलैच्या मध्यावर ७०.९. एचबीए१सी ५.८. सहा महिन्यांत पाच किलोंच्या वर. ताईंना कमी वाटत होतं. पावडरीनं चार महिन्यांत नऊ गेले होते. मला हाच वेग हवा होता. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात तीन हजारांहून जास्त लोक होते. लक्ष्य होतं वजनाच्या फक्त सात टक्के घट आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं. तेवढ्यानं मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. ताईंचे सात टक्के म्हणजे सव्वापाच किलो. ते झाले होते.

आणि मग १८ जुलैला अधिक श्रावण लागला.

२०२३ मध्ये श्रावण दोन महिने होता, हे तुम्हाला आठवत असेल. पहिल्यात धोंड्याचं जेवण: नणंदेच्या यजमानांना, म्हणजे सासूबाईंच्या जावयाला बोलावणं, पुरणाचे धोंडे, तेहतीस अनारशांचं वाण. दुसऱ्यात सोमवार, मंगळागौरी, नारळीपौर्णिमा. तो संपतो तोच १९ सप्टेंबरला गणपती, गौरीला पुरणपोळी. त्यापाठोपाठ नवरात्र, आणि दिवाळीआधी ब्लाऊजचा असा लोंढा की ताई रात्री दीडला मशीनवरून उठत. जागरणात चहा वाढला, साखर पुन्हा दोन चमचे झाली. चालणं थांबलं. पिठाची वाटी? तीही फराळाच्या गडबडीत बेसनाच्या डब्यात गेली.

नोव्हेंबरअखेर वजन ७३.०. ताई दोन तारखा चुकवून आल्या. बसल्या बसल्या म्हणाल्या, "गेलं समदं. उद्यापास्नं नुसत्या ताकावर ऱ्हाते."

या प्रकरणातला सर्वांत नाजूक दिवस तो होता, असं मला आजही वाटतं. आधीच्या तिन्ही वेळी इथूनच सगळं उलटलं होतं: सण, चढलेलं वजन, शरम, मग कडक उपास, मग त्याची भरपाई. मी त्यांना लंडनच्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं, २०१० चा. शहाण्णव लोकांना रोज करायची एकेक छोटी सवय दिली होती. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. पण मधेच एखादा दिवस चुकला म्हणून सवय बसायची थांबली नाही. ताई म्हणाल्या, "माझा दिवस न्हाय, चार महिने चुकलेत." बरोबर होतं. मी गप्प बसले.

मग आम्ही वही काढली आणि काय काय टिकलं ते पाहिलं. सगळ्यांबरोबर जेवणं टिकलं होतं. आमटीची पहिली वाटी टिकली होती. सकाळचा नाश्ता टिकला होता. तेलाच्या रेघाही, दिवाळीचा कॅन वेगळा धरला तर, टिकल्या होत्या. सुटलं होतं ते तीनच: वाटी, चहा, चालणं. जे घरानं उचललं होतं ते चार महिन्यांच्या सणासुदीतही चालू राहिलं होतं. जे एकट्या ताईंच्या लक्षात राहण्यावर अवलंबून होतं ते सुटलं होतं. हे मी त्यांना समजावलं नाही, त्यांनीच बोट ठेवून दाखवलं.

ताकावर राहायचं नाही एवढंच ठरलं. वाटीला भोक पाडून ती दोरीनं कणकेच्या डब्याच्या कडीला बांधली (मालकांची कल्पना, आणि झकास). जागरणाच्या हंगामात थर्मासमध्ये बिनसाखरेचा गवती चहा आणि सोबत फुटाणे. साखरेचा डबा रात्री नऊनंतर वरच्या फळीवर. चालायला सकाळी जमलं नाही तर रात्री जेवून गल्लीत पंधरा मिनिटं, सासूबाईंसोबत. आठवड्यातून एकदा, शनिवारी सकाळी वजन, भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात. रोज नाही, रोजच्या काट्याच्या चढउतारानं ताईंचा दिवस खराब व्हायचा.

जानेवारी २०२४ ला ७१.६. जुलैत ६९.४. या वर्षी श्रावण एकच होता, आणि गणपतीआधीच ताईंनी स्वतःच ठरवलं की पुरणपोळी गौरीच्या दिवशी दोन, दुसऱ्या दिवशी उरलेली शेजारी वाटायची. दिवाळीनंतर ७०.५. जानेवारी २०२५ मध्ये, दोन वर्षं पूर्ण झाली तेव्हा ६९.८. एचबीए१सी ५.७, कंबर ९०, हिमोग्लोबिन ११.९. मालकांचंही चार किलो वजन कमी झालं आहे, आणि त्यांनी त्यासाठी काहीही केलेलं नाही असं ते सगळ्यांना अभिमानानं सांगतात.

म्हणजे दोन वर्षांत सहा किलो चारशे ग्रॅम. बीएमआय २९.४. तक्त्याप्रमाणे ताई अजूनही लठ्ठच आहेत, आणि साखर अजून उंबरठ्यावरच आहे, फक्त त्याच्या अगदी खालच्या कडेला. शेजारची एक बाई, जिनं तीन महिन्यांत अकरा किलो उतरवलेत, ताईंना म्हणाली, "दोन वर्षांत एवढंच?" ताईंनी ते मला सांगितलं तेव्हा मी तपशीलवार उत्तर द्यायच्या तयारीत होते. पण त्यांचं उत्तर देऊन झालं होतं: "माझे नऊ किलो चार महिन्यांत गेलेले, तेव्हा तुझ्यासारखीच बोलत होते मी."

या कामात माझ्याकडून दोन गोष्टी उशिरा झाल्या. हिमोग्लोबिन पहिल्याच दिवशी समोर होतं, तरी चहाची वेळ मी दीड महिन्यानं बदलली. गळून गेल्यासारखं वाटतं म्हणून त्या चहा घेत होत्या हे मला आधी सुचायला हवं होतं. आणि सासूबाईंना मी पहिल्या महिन्यात एकदाही विचारलं नाही. त्यांना मी मनातल्या मनात अडचण ठरवून टाकलं होतं.

परवा ताई तारखेला आल्या त्या वेगळाच प्रश्न घेऊन. मुलगी आता बारावीत, जूनमध्ये पुण्याला हॉस्टेलवर जाईल. मग रात्रीच्या चपात्या बारा, गाईची धरून तेरा. वाटी पाचची.

"अडीच वाट्या घेऊ का मॅडम, का मालकांना एक कमी करायला सांगू?"

आम्ही अडीच ठरवल्या. अर्ध्या वाटीची खूण कुठे येते ते घरी पाणी मोजून बघते म्हणाल्या, आणि मुलाला मार्कर विकत आणायला सांगणार आहेत. जुना तेलाच्या रेघा मारून वाळला.